सतरा सीट, तेरा माणसं: एका ट्रॅव्हलर मालकाचं प्रकरण

हे प्रकरण कऱ्हाड भागातल्या एका घरगुती प्रवासी व्यवसायाचं आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे आणि काही तपशील बदलले आहेत. मालकांना इथे अण्णा म्हटलं आहे. बुकिंग आणि हिशेब त्यांचा पुतण्या बघतो. गाडीवर बरीच वर्षं एकच चालक आहे, त्याला घरातले आणि गिऱ्हाईकं सगळेच मामा म्हणतात. माझा संबंध हिशेबाच्या कामापुरता. पण वर्दीची, म्हणजे भाड्याच्या फेऱ्यांची, वही आणि गॅरेजची बिलं शेजारी शेजारी ठेवली की गाडीबद्दल बरंच कळतं.

पार्श्वभूमी

अण्णांच्या वडिलांची मॅटाडोर होती. आठवडाभर भाजी आणि किराणा, लग्नसराईत आत सतरंज्या टाकून वऱ्हाड. मॅटाडोर थकल्यावर मधली काही वर्षं जीपवर गेली आणि २०१८ मध्ये अण्णांनी कर्ज काढून नवी कोरी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. सतरा सीटर, एसी, पुशबॅक सीट.

धंदा दोन प्रकारचा. एक, सकाळी निघून रात्री परत: लग्न, साखरपुडा, जोतिबा-कोल्हापूर, पंढरपूर. दुसरा मुक्कामी: अष्टविनायक, गणपतीपुळे, दिवेआगर, गोवा. भाडं दोन्हींना एकाच पद्धतीने, गाडीचं आणि किलोमीटरवर. दिवसाला किमान ३०० किलोमीटर, मोजणी गॅरेज ते गॅरेज, चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग वेगळं. आत नऊ बसले काय आणि सतरा बसले काय, मालकाला पैसे तेवढेच. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण तिचा अर्थ कोणी लावला नव्हता.

गाडी

आपल्याकडे मोठी प्रवासी व्हॅन म्हटली की पहिली हीच आठवते, आणि तिचं मूळ पुण्याशी जोडलेलं आहे. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने आधी हॅन्सीट ही तीनचाकी निघाली. कारखाना गोरेगावहून आकुर्डीला आला, मग मॅटाडोरचा जमाना आला. ट्रॅव्हलर १९८७ची. ती इंदूरजवळच्या पीथमपूरला बनते आणि मर्सिडीज-बेंझच्या टी-वन या व्हॅनवर बेतलेली आहे. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, तरी लोक अजून ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च म्हणतात. धंद्यात नुसतं टीटी.

गाडी चालली त्याची कारणं सरळ आहेत. आत जवळजवळ उभं राहून चालता येतं, त्यामुळे गुडघे धरलेल्या आजीबाईंनाही शेवटच्या सीटपर्यंत जाता येतं. बस जिथे शिरत नाही अशा गल्लीत ती शिरते. एकच ढाचा वेगवेगळ्या लांबीत मिळतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३०५० मिलिमीटरपासून ४०२० पर्यंत, आणि त्यावर नऊ-दहापासून सव्वीसपर्यंत सीट बसतात. सध्याच्या गाड्यांत २.६ लिटरचं, ११५ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन येतं.

कायद्याच्या बाजूने एक रेघ लक्षात ठेवावी लागते. मोटार वाहन कायद्यात चालक सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी असतील तर ती मॅक्सी कॅब. सतरा सीटर त्या रेघेपलीकडे जाते, परवान्याचा प्रकार बदलतो आणि करही आसनांच्या हिशेबाने भरावा लागतो. म्हणजे वापरात न येणाऱ्या सीटसाठीही दरवर्षी पैसे जातात.

आता आतली मांडणी बघू, कारण सगळं प्रकरण तिथेच आहे. अण्णांच्या गाडीत चालकाशेजारी एक सीट, मग दोन अधिक एक अशा चार रांगा आणि शेवटी चार जणांची सलग रांग. एक, बारा, चार: सतरा. शेवटच्या रांगेची पाठ आणि मागचं दार यांच्यात जेमतेम एक बॅग आडवी बसेल एवढी फट. डोक्यावरच्या फळीवर पर्स, पाण्याच्या बाटल्या, फार तर खाऊची पिशवी. म्हणजे सतरा माणसं बसतात, पण सतरा माणसांचं सामान ठेवायला गाडीत जागाच नाही. शोरूममध्ये गाडी बघताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण शोरूममध्ये बॅगा नसतात.

अण्णांनी त्यावर सगळे काढतात तीच वाट काढली. गाडी घरी आल्यानंतर महिन्याभरात टपावर लोखंडी कॅरिअर आणि मागे शिडी. फॅब्रिकेशनवाल्याने दोन दिवसांत करून दिलं. वर्षानुवर्षं त्यावर बॅगा, ताडपत्री आणि नायलॉनची दोरी बांधून मुक्कामी वर्द्या झाल्या.

अडचण

२०२३च्या दिवाळीनंतर एका ज्येष्ठ नागरिक संघाची कोकण सहल ठरली. सतरा माणसं, तीन रात्री. ज्येष्ठांचं सामान तरुणांपेक्षा जास्त असतं: औषधांची वेगळी पिशवी, शाल-स्वेटर, दोघांच्या घडीच्या खुर्च्या. त्यात संघाने स्वयंपाकी बरोबर न घेता फराळाचे दोन मोठे डबे घेतले होते. सगळं टपावर गेलं.

कुंभार्ली घाटापर्यंत काही झालं नाही. चिपळूणच्या बाजूला उतरताना मामांनी गाडी नेहमीसारखी खालच्या गिअरमध्ये ठेवली होती. एका उजव्या वळणावर समोरून एसटी आली, त्यांनी ब्रेक दाबून गाडी डावीकडे घेतली आणि गाडी डुलली. नुसती कलली नाही, कलून परत आली आणि मग दुसऱ्या बाजूला गेली. वर एक डबा सुटून कॅरिअरच्या कडेवर आपटला. तो आवाज आत बसलेल्यांना फार मोठा वाटला. पुढच्या दोन-तीन वळणांनंतर ब्रेकचे लायनर तापल्याचा वास यायला लागला, तेव्हा मामांनी टपरीजवळ गाडी बाजूला घेतली.

कोणाला लागलं नाही, गाडीलाही ओरखडा नाही. पण संघाच्या अध्यक्षबाई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, “वरचं सामान उतरल्याशिवाय आम्ही कोणी आत बसणार नाही.” मामांनी अण्णांना फोन लावला. अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

“मामा, ब्रेक लागतायत ना नीट?”

“ब्रेक लागतात हो अण्णा. गाडी थांबते, वरचा माल थांबत नाही.”

शेवटी चिपळूणहून एक पिकअप मागवली, सामान तिच्यातून मुक्कामाला गेलं आणि परतीच्या प्रवासातही तीच वेगळी गाडी लागली. पिकअपचं भाडं कुणी द्यायचं यावर बिलाच्या वेळी वाद झाला आणि निम्मं-निम्मं ठरलं. त्याच महिन्यात महामार्गावर तपासणी पथकाने कॅरिअरबद्दल दंड केला. दंड आधीही झाला होता, पण या वेळी दोन्ही गोष्टी लागोपाठ आल्यामुळे घरात पहिल्यांदा बसून बोलणं झालं.

डुलण्यामागचं गणित पुतण्याने वहीत मांडलं, ते मला आवडलं. माणशी ६५ किलो धरले तर सतरा माणसांचे अकराशे किलो. माणशी १२ किलो सामान म्हणजे आणखी दोनशे, आणि हे दोनशे किलो रस्त्यापासून अडीच मीटरपेक्षा उंचावर. शिवाय शेवटच्या रांगेतले चौघे, म्हणजे २६० किलो, मागच्या आसाच्याही मागे. गाडी पूर्ण भरते तेव्हा तिचा तोल मागे आणि वर सरकतो. रिकाम्या गाडीवर बसलेला चालकाचा हात भरलेल्या गाडीवर फसतो तो यामुळेच.

हे फक्त आपल्या गाड्यांचं नाही. अमेरिकेत पंधरा प्रवाशांच्या व्हॅन चर्च आणि कॉलेजांकडे फार असायच्या. तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ मध्ये जाहीर इशारा दिला: अशा व्हॅनमध्ये दहा किंवा जास्त माणसं असतील, तर एकट्या गाडीच्या अपघातात ती उलटण्याचं प्रमाण कमी भरलेल्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट असतं. त्यांच्या सूचनाही साध्या होत्या. टपावर काही ठेवू नका, माणसं कमी असतील तर त्यांना पुढच्या सीटवर बसवा, टायरची हवा तपासा, सगळ्यांना पट्टे लावायला सांगा. त्या व्हॅन वेगळ्या, रस्ते वेगळे, पण उंच आणि लांब गाडीत वजन कुठे बसतं हा प्रश्न तोच.

समोरचे पर्याय

अण्णांचा पहिला कल होता काहीच न बदलण्याकडे. कॅरिअर राहू दे, घाटात वेग आणखी कमी ठेवायचा. मामा एरवी कमी बोलतात, पण इथे त्यांनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, अडचण वेगाची नसून अचानक ब्रेक मारायची वेळ येते तेव्हाची आहे, आणि ती वेळ आपण ठरवत नाही. हा पर्याय तिथेच संपला.

पुतण्याला शेवटची रांग काढून तिथे जाळी लावायची होती. ऐकायला सर्वांत सोपं, आणि ओळखीच्या एजंटने “कोण बघतंय?” असंही सांगितलं. पण सीट काढणं म्हणजे नोंदणी पुस्तकातली आसनसंख्या आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पाडणं. कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. कॅरिअरचीही तीच गत होती, फक्त सगळे लावतात म्हणून ती गैर वाटत नव्हती. आरटीओकडे रीतसर अर्ज करून सीट कमी करायच्या तर लग्नाच्या एकदिवसीय वर्द्यांना, जिथे खरंच सतरा माणसं येतात आणि बॅग एकही नसते, गाडी कायमची छोटी होणार. विमा एजंटला विचारलं तर त्याने हो-नाही काही न बोलता “शक्यतो कागदावर आहे तसंच ठेवा” एवढंच सांगितलं. माझ्या मते त्या सगळ्या चर्चेतलं ते सर्वांत उपयोगी वाक्य होतं.

तिसरा पर्याय नवी गाडी. इथे घर दोन तटांत विभागलं. अण्णांना ४०२० ची लांब ट्रॅव्हलर हवी होती: सीट वीसच घ्यायच्या आणि मागे सामानाला जागा ठेवायची. पुतण्याचं मन अर्बानियावर, म्हणजे फोर्सच्याच नव्या व्हॅनवर. ती २०२२ च्या अखेरीस आली. मोनोकॉक (सांगाडा आणि बॉडी एकसंध) बांधणी, पुढे दोन एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा), चारही चाकांना डिस्क ब्रेक, प्रत्येक सीटला एसीचा झोत. गाडी डुलल्यावर ज्या गोष्टी हव्याशा वाटतात त्यातल्या बऱ्याच तिच्यात होत्या. पण सुरुवातीची किंमत जवळपास २९ लाख, शोरूममधली. त्या भागात साध्या ट्रॅव्हलरला किलोमीटरला २४ रुपये मिळत होते. अर्बानियाला ३५ च्या पुढे मिळाले तरच हप्ता निघणार होता, आणि तालुक्याच्या गावातलं गिऱ्हाईक किलोमीटरमागे दहा-अकरा रुपये जास्त देईल का, यावर पुतण्याकडेही उत्तर नव्हतं. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची कामं मिळाली तर चित्र वेगळं, पण ती ओळख त्यांची नव्हती.

लांब गाडीबद्दल मामांचा मुद्दा मला पैशांपेक्षा मोठा वाटला. कोकणातले घरगुती मुक्काम मुख्य रस्त्यावर नसतात. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मधे कशीबशी एक गाडी जाईल एवढा रस्ता, त्यात काटकोनात वळण. सात मीटरची गाडी तिथे अडली की म्हाताऱ्या माणसांना बॅगा ओढत चालत जावं लागतं, म्हणजे पुन्हा सामानाचाच प्रश्न.

चौथा पर्याय बैठकीत कोणी मांडला नव्हता, तो वहीतून निघाला. पुतण्याने दोन वर्षांच्या वर्द्या काढल्या. मुक्कामी सहलींपैकी साधारण दोन-तृतीयांश वेळा माणसं तेरा किंवा त्याहून कमी होती. पूर्ण सतरा भरत होते ते बहुतेक एकदिवसीय वर्दीला. मग गाडी तीच ठेवून विकायची क्षमता दोन प्रकारची का ठेवू नये? दिवसाच्या वर्दीला सतरा, मुक्कामी वर्दीला तेरा, आणि शेवटची रांग सामानाला.

काय ठरलं

जानेवारी २०२४ मध्ये कॅरिअर आणि शिडी गॅस कटरने कापून काढली. भोकं बुजवून टपाला रंग दिला.

तेराचा नियम लगेच ठरला, पण त्यात एक खोच होती आणि ती मामांनी दाखवली. सीटवर नुसत्या रचलेल्या बॅगा जोरात ब्रेक लागला की पुढे येतात, म्हणजे टपावरचा धोका आत आणल्यासारखं. म्हणून बॅगा पुढच्या सीटच्या पाठीपेक्षा उंच रचायच्या नाहीत, जड बॅगा पायाशी, हलक्या सीटवर, आणि त्यावरून जाळी टाकून ती सीटच्याच पायांना आणि पट्ट्यांना बांधायची. गाडीला नवं छिद्र नाही, वेल्डिंग नाही, त्यामुळे नोंदणीचा प्रश्न उरला नाही. वजनाचा हिशेबही बरा बसला: चार माणसांच्या २६० किलोंऐवजी तेरा बॅगांचे दीडशेच्या आसपास, आणि तेही टपाऐवजी सीटच्या उंचीवर.

बुकिंगच्या फोनवर पुतण्या आधी “किती माणसं?” विचारायचा. आता आधी “मुक्काम आहे का?” आणि मग “बॅगा किती, स्वयंपाकाचं सामान आहे का?” असं विचारतो. गॅसची टाकी बरोबर घ्यायची नाही हे व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवतो. गणपतीपुळ्यापर्यंत गेलेल्या मंडळींना आयत्या वेळी काही नाकारणं कठीण असतं, म्हणून लेखी.

याच काळात दुसऱ्या चालकाचा विषय निघाला. गाडीचं एकूण वजन ७५०० किलोच्या आत असल्याने हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ती चालवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. पण कागदावर चालतो म्हणून कार चालवणारा पोरगा घाटात सतरा माणसं घेऊन पाठवायला अण्णा तयार झाले नाहीत. सहा महिने नवा चालक मामांच्या शेजारी बसला, आधी रिकाम्या परतीच्या फेऱ्या, मग दिवसाच्या वर्द्या. मला हा खर्च जास्त वाटला होता, आजही थोडा वाटतो.

परिणाम

पहिला फटका महसुलाला बसला. स्वयंपाकाच्या सामानासह पंधरा-सोळा माणसं नेणारे एक सहल आयोजक दरवर्षी तीन-चार वर्द्या द्यायचे, ते दुसरीकडे गेले. चौदा ते सतराचे मुक्कामी गट आता अण्णा शेजारच्या तालुक्यातल्या एका लांब गाडीवाल्याकडे पाठवतात आणि त्यावर कमिशन घेतात. गेलेल्या भाड्याची त्यातून भरपाई होत नाही.

भरपाई दुसरीकडून झाली. टाकी टू टाकी मोजल्यावर लांबच्या फेरीला लिटरमागे अर्ध्या किलोमीटरहून थोडा जास्त फरक दिसला. टपावरचा वाऱ्याचा अडथळा गेला, एवढंच कारण. कॅरिअरचा दंड थांबला. लायनर जास्त टिकतात असं मामा म्हणतात, पण नोंदी अजून कमी आहेत, त्यामुळे ते मी हिशेबात धरलेलं नाही. ज्येष्ठ नागरिक संघ पुढच्या वर्षी परत आला, सतरा जणांऐवजी बारा जणांचा गट करून.

वेगळं काय करता आलं असतं

वजनकाटा. कऱ्हाड भागात उसाच्या कारखान्यांमुळे काट्यांना तोटा नाही, थोड्या पैशात पावती मिळते. पूर्ण भरलेली गाडी आधी फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून आणि मग सगळी गाडी ठेवून तोलली असती, तर कुठल्या आसावर किती वजन पडतं हे २०१८ मध्येच कळलं असतं. नोंदणी पुस्तकात आसवार कमाल वजन दिलेलं असतं, त्याच्याशी पावती ताडून बघायची. इतकं सोपं काम कोणीच केलं नाही, आणि पुतण्याच्या वहीतलं गणित कितीही चांगलं असलं तरी ते माणशी ६५ किलोच्या अंदाजावर उभं आहे.

खरेदीच्या वेळी शोरूमला घरातल्या सतरा बॅगा नेणं कोणी करत नाही, पण निदान शेवटच्या रांगेमागे हात घालून जागा मोजता येते. तेव्हा त्याच लांबीत तेरा-चौदा सीटची मांडणी मागितली असती, तर कॅरिअर लागलंच नसतं. पण लग्नाच्या वर्द्याही गेल्या असत्या. दोन्हींपैकी काय जड पडलं असतं हे त्या वेळच्या वह्या नसल्याने सांगता येत नाही.

गाडी डुलते ही तक्रार मामांनी घाटातल्या प्रसंगाआधी दोनदा केली होती. दोन्ही वेळा गॅरेजवाल्याला स्प्रिंगचे पाटे बघायला सांगितलं गेलं, म्हणजे तक्रार गाडीची समजली गेली, ओझ्याची नाही. चालकाचं बोलणं गॅरेजच्या बिलात जिरतं आणि वर्दीच्या वहीपर्यंत पोचत नाही, हे मला आणखी दोन-तीन मालकांकडेही दिसलं आहे.

नवी गाडी घ्यायची की नाही हे अजून लोंबकळत आहे. व्यावसायिक गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी होतं आणि त्यानंतर दरवर्षी. २०१८ची गाडी २०२६ मध्ये त्या टप्प्याला पोचते. अण्णांचं मत अजून लांब ट्रॅव्हलरकडेच झुकतं. पुतण्या म्हणतो, आधी एक अर्बानिया हंगामात भाड्याने घेऊन गिऱ्हाईक ३५ रुपये देतंय का ते बघू. माझं मत पुतण्याच्या बाजूने आहे, पण हप्ता भरणार अण्णा.